सारण गार होईस्तोवर

ओट्यावर परातीत खिमा पसरून ठेवलाय आणि मी त्याच्यापासून लांब बसून हे लिहितेय. जवळ बसले तर पावात भरून मोकळी होईन, माझा मला भरवसा नाही. आत्ता थर्मामीटर ४१ अंश दाखवतोय. २५च्या खाली आल्याशिवाय हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलंय, कारण गेल्या रविवारी खिमा आणि चीज भरलेला पाव ओव्हनमध्ये फुटला.

फुटला म्हणजे खरोखरच फुटला. मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले होते. विसाव्या मिनिटापर्यंत सगळं छान, वरून रंग चढत होता. मग उजव्या कुशीला केसाएवढी चीर दिसली. ती रुंदावत गेली, आतून एक बुडबुडा आला आणि त्याच्यामागून चीज. आधी थेंब, मग जाड ओघळ, आणि ट्रेच्या पत्र्याला टेकल्या टेकल्या चरचरून तपकिरी. नवऱ्याला त्याचं काही दुःख नाही. ट्रेला चिकटलेलं ते करपट चीज खरवडून खायला मिळावं म्हणून पाव फुटावा असंच बहुतेक त्याला वाटत असतं. सासूबाई मात्र बाहेरच्या खोलीतून, पाव न बघताच म्हणाल्या, "सारण गरम भरलंस ना?"

"थोडं कोमट होतं, आई."

"कोमट म्हणजे गरमच की गं."

पुढे काय बोलणार?

मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर नमुने, वजनं, तापमानं, नोंदी. घरी त्याचा परिणाम एवढाच की खिमा आणि चीज भरलेल्या पावाची माझ्याकडे वही आहे. आतापर्यंत ११ पाव. त्यातले ४ लोकांसमोर ठेवण्याजोगे, २ घरातल्या घरात गुपचूप संपवलेले आणि उरलेल्या पाचांपुढे शेरे आहेत: "तळ गिच्च", "आतला थर कच्चा?", "कापताना रस बाहेर", "वर पोकळी", आणि ताजा, "फुटला". वाचताना पाच वेगळ्या चुका वाटतात. मीही तशाच त्या सुधारत बसले होते. तळ गिच्च झाला म्हणून जास्त वेळ भाजला, तर वरचा भाग दगड. पोकळी झाली म्हणून सारण जास्त कोंबलं, तर शिवण उसवली. बऱ्याच उशिरा डोक्यात प्रकाश पडला की पाची ठिकाणी गुन्हेगार एकच आहे, सोंगं तेवढी वेगळी. पाणी.

उघड्या पॅनमधलं पाणी उडून जातं. पिठात गुंडाळलेल्या सारणातलं पाणी जाणार कुठे? वाफ होऊन वर गेलं की छताला ढुशी देऊन पोकळी करतं, जोर वाढला की शिवण फोडतं, खाली झिरपलं की तळाचं पीठ भाजायच्या ऐवजी उकडतं. आपण म्हणतो पाव बिघडला. पाव बिचारा काय करेल?

म्हणून एकदा खिमा वजन करून परतला. कच्चा ५०० ग्रॅम. परतून, निथळून पुन्हा काट्यावर ठेवला तर ३५८. म्हणजे १४२ ग्रॅम गेले. बरंचसं पाणी वाफ होऊन उडालं, थोडी चरबी चाळणीखालच्या वाटीत जमली. तो आकडा वहीत लिहिताना मला पहिला पाव आठवला. त्यात मी कुठेतरी वाचून कच्चाच खिमा भरला होता, "आत शिजतोच" म्हणून. शिजला खरा. पण हे १४२ ग्रॅम पावाच्या पोटातच राहिले.

तर खिमा. पसरट पॅन, मोठी आच आणि एका वेळी निम्माच खिमा. सगळा एकदम टाकला की पॅन थंड पडतो, मांसातून सुटलेलं पाणी उडायला वेळ मिळत नाही आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात करडा होऊन शिजत बसतो. पाणी आहे तोवर पॅनमधलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. आणि खिम्याला जो तपकिरी रंग आणि खमंग वास यायला हवा, तो साधारण १४० अंशांच्या पुढेच नीट येतो. टाकल्यावर दोन मिनिटं चमचा लावायचा नाही. मला हे सगळ्यात अवघड जातं.

इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. सुरुवातीला चर्र होतं, मग आवाज मंद होऊन फतफत सुरू होते. ते पाणी बोलतंय. बरेच जण इथेच गॅस बंद करतात, कारण खिम्याचा लालपणा गेलेला असतो आणि दिसायला तो शिजलेला असतो. थांबायचं. चारपाच मिनिटांत फतफत विरळ होते, मध्ये क्षणभर शांतता आणि मग बारीक, कोरडी तडतड सुरू होते. आता पाणी संपलं आणि खिमा चरबीत परततोय. कडेचे दाणे गडद होतात, पॅनच्या तळाला तपकिरी खपली धरते. तो तडतडीचा आवाज आला की दोन मिनिटं मोजायची आणि मग गॅस बंद. एवढं केल्यावर खिमा शिजलाय की नाही हा प्रश्न उरत नाही. तरी ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी, खिमा आतून ७१ अंशांना पोचायला हवा, कोंबडीचा असेल तर ७४.

कांदा वेगळा परतते. मशरूम घालायची असतील तर तीही वेगळी, कारण मशरूम म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी, वर छत्री. ती पॅनमध्ये आकसून निम्म्याहून लहान होईपर्यंत सोडायची नाहीत. टोमॅटो सॉस मी आता घालतच नाही. दोन चमचे टोमॅटोची घट्ट पेस्ट, तीही तेलात विटकरी रंगाची होईपर्यंत परतलेली. लसूण, मिरी, थोडा ओरेगानो. मीठ जरा हात राखून, चीजमध्ये असतंच.

आणि मग हे. परातीत पसरून वाट बघणं. गरम सारण भरलं की होतं काय, तर चीज ओव्हनच्या आधीच मऊ पडतं, चरबी पिठात मुरते आणि उबेला लागलेलं यीस्ट तेवढ्याच भागात झपाट्याने कामाला लागतं. पीठ तिथे सैल पडतं, पातळ होतं. वाफेला नेमकी अशीच जागा हवी असते. परवाची चीर उजव्या कुशीलाच का गेली? कारण परातीच्या त्या बाजूचा खिमा ढिगाने पडला होता आणि मी थर्मामीटर दुसऱ्याच बाजूला खुपसून समाधान करून घेतलं होतं. लॅबमध्ये असा नमुना घेतला असता तर मला हाकलून दिलं असतं.

उठून बघून आले. २९. मध्यभागी, कडेला, दोन्हीकडे.

तोवर चीजचं सांगते. पाण्यात तरंगणारे ताज्या मोझरेलाचे पांढरे गोळे फार सुंदर दिसतात. ते इथे नकोत. त्यांचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं आणि त्यातलं बरंच ओव्हनमध्ये सुटतं. कमी पाण्याचा, घट्ट ठोकळ्याचा मोझरेला घ्यायचा, साधारण १५० ग्रॅम, आणि घरी किसायचा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बऱ्याचदा स्टार्च चोळलेला असतो, त्यामुळे ते तितकं एकजीव वितळत नाही. मोझरेलाला तार येते पण चव बेताची, म्हणून ५० ग्रॅम चेडर. नुसता चेडर घातला तर तूपकट तेल सुटतं, तोही पाव वहीत आहे. मी चीज दोन थरांत घालते, निम्मं खिम्याखाली, निम्मं वर. खालचा थर वितळून पिठावर लिंपल्यासारखा बसतो आणि तळ कोरडा राहायला मदत होते.

पिठाबद्दल मला फार सांगायचं नाही, ते सासूबाईंचं खातं. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे तेल, ३१० मिली कोमट पाणी. बोट सहज ठेवता येईल इतपत कोमट, कढत पाण्यात यीस्ट मरतं. हे आकडे माझे. सासूबाई काट्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पीठ तिंबताना मध्येच ते कानाच्या पाळीसारखं लागलं की थांबतात. मी एकदा त्यांच्या पिठाचं पाणी मोजून काढलं तर ३०५ मिली निघालं. त्यांना सांगितलं, तर "मग मोजलंस कशाला?"

दुप्पट फुगलं की लाटायचं, अंदाजे ४० बाय ३० सेंटीमीटरचा आयत, बटर पेपरवरच. नंतर उचलून ट्रेवर ठेवायला जाल तर रडाल. सारण मधल्या पट्ट्यात, आणि चारी कडा तीन बोटं कोऱ्या. कडेला तेलाचा हात लागला तर शिवण धरत नाही. पाण्याचं बोट फिरवायचं, दोन्ही बाजू एकमेकींवर आणून चिमटत जायचं, टोकं मुडपायची आणि शिवण खाली जाईल असा पाव उलटा करायचा. वर चार तिरके छेद. ते शोभेचे नाहीत, वाफेच्या खिडक्या आहेत, तेव्हा सारण दिसेपर्यंत खोल हवेत. दोन्ही बाजूंना पट्ट्या कापून वेणी घातली तर आणखी बरं, पेडांमधून वाफ आपोआप बाहेर पडते. मी बरेच दिवस वेणीला नखरा समजत होते.

या पावाच्या नातेवाइकांत एक स्ट्रॉम्बोली आहे. सारण पसरून पीठ वळकटीसारखं गुंडाळायचं. तो अमेरिकेतल्या इटालियन वस्तीतला, फिलाडेल्फियाच्या बाजूचा. नेपल्सच्या अर्धगोल कॅल्झोनेचा, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पिझ्झाचा, धाकटा भाऊ म्हणा. सिसिलीच्या उत्तरेला याच नावाचं बेट आहे आणि ते बेट म्हणजे चक्क जागृत ज्वालामुखी. माझा पाव फुटला त्या दिवशी हे नाव मला फारच पटलं.

ओव्हन २००वर, ट्रे आत ठेवूनच तापवायचा. पाव बटर पेपरसकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवायचा आणि ट्रे खालच्या कप्प्यात, म्हणजे तळाला पहिल्या मिनिटापासून आच लागते. वरून फेटलेलं अंडं लावलेलं असतं, त्याने रंग लवकर येतो आणि तो रंग बघून फसायला होतं. ३० ते ३५ मिनिटं लागतात. थर्मामीटर कुशीतून पिठाच्या जाड भागात घालून बघायचा, ९३च्या पुढे असेल तर पाव झाला. नसेल तर वर फॉइल झाकून आणखी पाच मिनिटं.

मग लगेच जाळीवर. ट्रेवरच राहू दिला तर एवढ्या मेहनतीने कोरडा ठेवलेला तळ स्वतःच्या वाफेने पुन्हा ओला होतो. आणि १५ मिनिटं सुरी लावायची नाही. आठव्या पावाला मी तिसऱ्या मिनिटाला कापलं होतं. चीज पाण्यासारखं वाहून ताटात गेलं आणि पावात नुसतं भोक उरलं. दहाव्याला थांबले. दातेरी सुरीने, न दाबता, मागेपुढे ओढत. आधी कवच करकरलं, मग सुरी मऊ भागात शिरली आणि आवाज बंद. काप आडवा पडला तेव्हा चीजची एक तार मूळ पावाला धरून होती. वीतभर ताणली, मध्ये बारीक झाली, पण तुटेना. शेवटी सासूबाईंनी बोटाने गुंडाळून तोंडात टाकली. मी काप उचलून तळ उलटा करून बघितला, तपकिरी, टकटक वाजणारा. पाहुणे जेवायचे थांबले होते आणि मी पावाचा तळ वाजवत बसले होते.

मळायचा कंटाळा असेल त्यांनी तयार लांबट पाव आणावा. वरचा भाग झाकणासारखा कापायचा, आतला मऊ भाग कोरून काढायचा, पण बोटभर भिंत ठेवायची. कोरलेला चुरा फेकू नका, त्यातला मूठभर सारणात मिसळा, उरलीसुरली ओल तो पितो. खिमा, चीज भरून झाकण लावायचं, फॉइलमध्ये गुंडाळून १८०वर २० मिनिटं, मग फॉइल उघडून आणखी ५. चांगला लागतो. पण तो भरलेला पाव झाला, भाजलेला नव्हे. माझ्या वहीत त्याला नंबर नाही.

उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करायचा तो ओव्हनमध्येच किंवा झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये कवचाचं चामडं होतं.

आत्ता २४. परातीच्या चार ठिकाणी बघितलं, जिथे ढीग होता तिथेही. या वेळी कोणी मला काही म्हणू

"अगं ए, लिहीत काय बसलीस, पीठ पातेल्याबाहेर आलंय!"