काउंट कमी, खापर सहलीवर

काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कमी आला म्हणून डे केअरमध्ये केमोची सायकल (ठरलेली फेरी) पुढे ढकलली की पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला: "कुठे गेला होतात का?" ज्यांची सायकल लांबली त्या आमच्या एक पेशंट ताई खरंच गेल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दिवस थीम पार्कला. कारण आयतंच मिळालं, मग पुढे कोणी विचारच केला नाही.

स्तनाचा कॅन्सर, दर २१ दिवसांनी केमो. त्यात डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशंटच्या भाषेत 'लाल औषध'. सहल आजार कळायच्या आधी मुलीला कबूल केलेली. डॉक्टरांनी "टाळलेलं बरं" एवढंच सांगितलं होतं. हे उत्तर फार स्वस्त आहे, देणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

मी डे केअरमधली नर्स, तारखा मांडायला बसले. बाहेरच्यांना वाटतं, केमोनंतरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे. उलट स्टेरॉइडमुळे पहिले दोन दिवस माणूस टुणटुणीत असतो, त्यानंतर कोसळतो. आणि पांढऱ्या पेशी तळाला जातात त्या साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी, नेमकं पेशंटला 'आता बरं वाटतंय' तेव्हा. म्हणून सोळाव्या दिवशी रक्त तपासायचं आणि सतरावा-अठरावा दिवस सहलीचा, असं ठरवलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,१०० आल्या, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर. हे समोर ठेवल्यावर डॉक्टरही तयार झाले.

मग पाळण्यांचा विषय. त्यांना पहिली काळजी विगची होती: उडाला तर? स्कार्फ घट्ट बांधा, म्हटलं. माझी काळजी पोर्टची होती, म्हणजे केमोचं औषध शिरेत सोडायच्या छोट्या डबीची. तो कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसवलेला असतो आणि रोलर कोस्टरचा खांद्यावरून येणारा दांडा बरोबर तिथेच दाबतो. तेव्हा असे सगळे पाळणे बाद. ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या पर्समध्ये होत्या, "चक्कर आली तर घेईन" म्हणत होत्या. ती गोळी केमोच्या उलटीवर चांगली चालते, पण गरगर फिरून होणाऱ्या मळमळीवर जवळपास निरुपयोगी. ती वाट वेगळी, कानातून निघणारी. हे डॉक्टरांनासुद्धा आठवण करून द्यावं लागतं. बाकी नेहमीचं: ऊन टाळायचं, बंद जागेत मास्क, हात धुणं, व्हीलचेअर लाजेखातर नाकारायची नाही. थर्मामीटर सोबत, आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला की आधी पॅरासिटामॉल गिळून तो झाकायचा नाही, थेट जवळचं हॉस्पिटल. जाण्याआधीच त्याचा पत्ता शोधून ठेवायचा. उपचारांची माहिती लिहिलेला कागद पर्समध्ये.

त्यांनी सगळं पाळलं. ताप नाही, सर्दी नाही. मुलगी पाळण्यात, या खाली बाकावर बसून हात हलवतायत, असे फोटो घेऊन आल्या.

विसाव्या दिवशी न्यूट्रोफिल १,२००. आमच्याकडे १,५०० लागतात. सायकल आठवडाभर पुढे. आणि एक सीनिअर सहकारी सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांगत होतो ना, हौस नडते."

सोळाव्या दिवशीचा रिपोर्ट त्याच फाइलमध्ये होता. आकडा घसरला नव्हता, चढलाच होता, फक्त हवा तेवढा नाही. तिसऱ्या सायकलपर्यंत अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज, दमते, घराबाहेर पाऊल न टाकलेल्यांचेही काउंट रेंगाळतात. त्याच आठवड्यात आणखी एकांची सायकल पुढे गेली होती. त्या सोफ्यावरून उठल्याही नव्हत्या. त्यांना कोणी काही बोललं नाही. एखादा किरकोळ व्हायरससुद्धा पेशी दाबून ठेवतो, त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण दोन दिवस बाकावर बसल्याने अस्थिमज्जा रुसली, हे कोणत्या पुस्तकात आहे?

मी दोन्ही रिपोर्ट ताईंसमोर धरले, आकड्यांवर बोट ठेवून समजावलं. त्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल सिस्टर. पण सगळे तर तसंच म्हणतायत." नणंदेचा फोन येऊन गेला होता, जावेचाही.

आठवड्याने काउंट भरले, औषध गेलं, काही त्रास नाही. सायकल लांबल्याचं मुलीला सांगायचं नाही, असं त्यांनी घरात बजावलंय. सहलीचा हट्ट तिचा होता, ती मनाला लावून घेईल म्हणून. मलाही सांगून ठेवलं. मी हो म्हटलं खरं, पण ती पोर चौकस आहे. सुट्टी असली की आईबरोबर येते, सलाईनच्या बाटलीवरची नावं वाचते, "पुढची कधी?" म्हणून तारीख विचारते. २१ दिवसांचा हिशोब तिला पाठ आहे.