धुळवडीला नांदेड: हल्ला-महल्ला बघायचा तर उभं कुठं राहायचं?

होळी जवळ आली की आपल्या मराठवाड्यातली पोरं कार्निव्हल बघायला गोव्याची तिकिटं काढतात. धुळवडीच्या दुपारी नांदेडात निघणारा हल्ला-महल्ला मात्र त्यातल्या कित्येकांनी बघितलेला नसतो. मला याचा राग येतो.

हल्ला-महल्ला म्हणजे शिखांचा होला मोहल्ला. त्याची प्रथा गुरू गोविंदसिंगांनी पंजाबातल्या आनंदपूरला पाडली. होळीच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रांचा सराव आणि लुटुपुटूची लढाई. १७०८ साली गुरूंनी नांदेडात देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये, तिथं सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक.

दुपारी चारच्या सुमारास अरदास, म्हणजे प्रार्थना, होते आणि मिरवणूक निघते. निशाणसाहिब म्हणजे शिखांचा ध्वज, नगारा, गुरूंच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांचा मान असलेले पंचप्यारे, भजनी जथे, गतका म्हणजे शस्त्रांचे हात खेळणारे. झूल घातलेल्या गुरूंच्या घोड्यांवर कुणी बसत नाही; लोक त्यांच्यापुढे माथा टेकतात. घोड्यांच्या मागे मात्र उभं राहू नये. नगाऱ्याच्या दणक्यानं जनावर बिचकलं तर लाथ कुणाला बसेल सांगता येत नाही.

इथवर सगळं मुंगीच्या पावलानं चालतं. महावीर चौकाच्या भागात मिरवणूक थांबते, आणि कंटाळलेली नवखी मंडळी नेमकी तेव्हाच चहाला जातात. मग ‘बोले सो निहाल’ची आरोळी उठते, ‘सत श्री अकाल’चं उत्तर येतं आणि उपसलेल्या तलवारी, भाले घेतलेला लोंढा एकदम धावत सुटतो. म्हातारे, पोरंटोरं, निळ्या बाण्यातले निहंग म्हणजे शस्त्रधारी शीख, सगळे. दोन-चार मिनिटांत संपतं. ज्याच्यासाठी आलो ते एवढंच, म्हणून जागा आधी धरायची.

रस्त्याच्या कडेला दुकानाची उंच पायरी मिळाली तर उत्तम. वळणावर थांबू नका, धावणारी गर्दी तिथं बाहेर फेकली जाते. बॅरिकेडला चिकटून तर मुळीच नको. मागून रेटा आला की सरकायला जागा उरत नाही. पायात चप्पल नको, मागच्या पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला. चप्पल निसटते, माणूस उचलायला वाकतो आणि मागचे त्याच्यावर पडतात. पडापडीचं मूळ बहुतेकदा एवढंच असतं. लहान मूल खांद्यावर घेऊनही पुढं घुसू नये, पात्यांची उंची नेमकी तीच. आणि ते मोबाइल! प्रत्येकजण हात वर करून व्हिडिओ काढतो, मागच्याला फक्त कोपरं दिसतात.

सकाळी मात्र हाल होतात. धुळवडीला दुपारपर्यंत हॉटेलं बंद, ऑटो मुश्किलीनं मिळतो आणि मिळाला तर भाव तोंडाला येईल तो. आदल्या दिवशीच मुक्कामाला या. खोली गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात मागावी, पण या दिवसांत पंजाबकडची संगत, म्हणजे भाविक मंडळी, आधीच उतरलेली असते. जेवणाची चिंता नको, लंगर आहे. डोक्यावर रुमाल, जोडे जोडाघरात, पंगतीत मांडी. परशादा, म्हणजे पोळी, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा आणि ताटात काही टाकायचं नाही. इतक्या गर्दीतही वाढणाऱ्याचा आवाज चढत नाही. आपल्या लग्नांतल्या वाढप्यांनी एकदा येऊन बघावं.

दुसरा दिवस कंधारला द्या. नांदेडहून लोह्यामार्गे सुमारे ५० किलोमीटर, एसटी आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला भुईकोट, भोवती रुंद खंदक, आत राणी महाल, लाल महाल. सकाळी लवकर पोचा. मार्चचं ऊन अकरानंतर दगडावर उभं राहू देत नाही, सावली तुटपुंजी आणि पाणी आपलं आपणच न्यावं लागतं. देगलूरजवळचं होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर कोरीव कामात सरस, पण कंधार आणि होट्टल एका दिवसात कोंबू नका. एसटीनं तर जमतच नाही.

परतीचं आरक्षण येतानाच करून ठेवा. अमृतसरच्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये तेव्हा पाय ठेवायलाही जागा नसते, आणि मुंबईकडच्या तपोवन, देवगिरीला वेटिंग बघूनच माणूस बसस्टँडकडे वळतो.