टर्फवर पाय अडकतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात शहरातील भाड्याच्या एका टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, फुटबॉलचा सराव करताना माझ्या पुतणीचा गुडघा दुखावला. तिला कोणी धक्का दिला नव्हता. शरीर वळले, पण बुटाचे स्टड, म्हणजे तळाच्या खुंट्या, जागीच रुतून राहिले. ज्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम भरून जाते, तेथे टर्फ ठरवताना आपण भाडे आणि दिवे पाहतो. खालचा पृष्ठभाग पायाशी कसा वागतो हे मात्र विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हे मोजता येते. फिफाच्या चाचणीत २० किलोचे वजन ५५ मिलिमीटरवरून पाडून टर्फ किती आघात शोषतो ते पाहतात, आणि स्टड बसवलेली, वजनाने दाबलेली चकती फिरवून तिला किती जोर लागतो ते मोजतात. हा जोर फार कमी असेल तर पाय घसरतो, फार जास्त असेल तर वळण्याचा सगळा ताण घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. चेंडूची उसळीही तपासतात: २ मीटरवरून सोडलेला चेंडू ६० ते १०० सेंटिमीटर उसळावा, वरच्या दर्जासाठी ८५ पर्यंतच. त्या वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र एकच वर्ष टिकते, कारण वापराने गवताच्या पात्यांमध्ये भरलेले रबराचे दाणे सरकतात, दबतात, पाती झोपतात.

ही उपकरणे माझ्याकडे नाहीत. मी त्या टर्फवर मोजपट्टी चिकटवलेला बांबू उभा केला, आणि मोबाईलवर संथगतीने चित्रित करत चेंडू सोडला. मैदानाच्या मध्यभागी उसळी नव्वदच्या आत राहिली, परंतु गोलपोस्टसमोर, जिथे दाणे जवळजवळ उरलेच नव्हते, ती शंभरच्या वर गेली. टर्फच्या मालकांनी माझ्या नोंदींची वही पाहून तेथे दाणे भरले, ब्रशने पसरवले, आणि पुढच्या रविवारी उसळी उतरली.

तरीही उसळीवरून कडकपणाचाच अंदाज येतो. पुतणीचा पाय ज्यामुळे अडकला ती पकड माझ्या बांबूने मोजली जात नाही. म्हणून मुलींच्या संघासाठी पुढील महिन्याचे आरक्षण करण्यापूर्वी मी मालकांकडे चकतीच्या चाचणीचा अहवाल लेखी मागितला आहे.