ओसीआर ९९ टक्के अचूक, म्हणजे पानामागे वीस चुका

छापील पानाच्या स्कॅनमधली अक्षरं ओळखून संगणकावरचा मजकूर बनवणं म्हणजे ओसीआर. पानावर दोन हजार अक्षरं धरली, तर ९९ टक्के अचूकतेतही पानामागे वीस चुका उरतात. दोनशे पानांच्या पुस्तकात चार हजार! त्यातल्या बऱ्याच स्कॅन करतानाच टळतात.

स्कॅन ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत), टिफ फाइलीत. ३०० ही चालतं, पण बारीक टाइपात अनुस्वार जेमतेम चार-पाच पिक्सेलांचा उरतो आणि कागदावरच्या डागात मिसळून जातो. थेट काळं-पांढरं स्कॅन करू नका. त्यात एकदा तुटलेली शिरोरेषा परत मिळत नाही. कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद सरकवा, म्हणजे मागची छपाई उमटत नाही. शिवणीपाशी पान वाकत असेल तर वर काच ठेवून दाबा. ओळ वाकली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

स्कॅन टेलर या स्कॅन नीटनेटके करणाऱ्या प्रोग्राममध्ये पानं सुटी करा, तिरपेपणा काढा. डाग काढण्याची सोय मात्र बंदच ठेवा. तिला डाग आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. ‘मुलांना’चं ‘मुलाना’ बहुतेक वेळा तिथेच होतं.

टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला ‘मराठी’ मॉडेल द्या, मध्ये श्लोक असतील तर जोडीला ‘संस्कृत’. ब-व, घ-ध, भ-म, ष-प या जोड्या चुकणारच. ‘ख’चा ‘रव’ हे तर जुनंच दुखणं. पण या चुका डोळ्यांना निदान दिसतात.

खरी डोकेदुखी न दिसणाऱ्या चुकांची. ‘दऱ्या’ घ्या. यातला र दोन प्रकारे साठवला जातो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह), मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधायला गेलात तर एकच सापडतो. ‘आ’च्या जागी ‘अ’ आणि सुटा काना, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, हीसुद्धा त्याच जातीची. यांना रेगेक्स (नमुना देऊन शोधा-बदला करण्याची सोय) लावून एकच रूप ठरवून टाका, आणि तेही मुद्रितशोधनाच्या आधी.

मग सगळ्या शब्दांची वारंवारितेनुसार यादी काढा. पुस्तकभर एकदाच आलेले शब्द आधी तपासा, चुका तिथेच दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यानंतर मूळ पानाची प्रतिमा शेजारी ठेवून ओळीओळीने वाचन, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. एकच माणूस दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तो वाचत नाही, आठवतो.

पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं असेल तर स्पेलचेकर बंद. ‘नांव’, ‘कांहीं’ हे तिथे बरोबरच आहेत. छापखान्याची उघड चूक सापडली तरी मजकुरात हात घालू नका. पान आणि ओळ क्रमांकासह वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवा.