पान ५७ रंगमंचावर येताना: तालमीचा सातवा आठवडा

मैत्रिणीने काढलेल्या चित्रकादंबरीचं नाटक बसवायला घेतलं, त्याला सात आठवडे झाले. ८४ पानं. १९३० च्या मे-जूनमधलं सोलापूर, मार्शल लॉचे दिवस, आणि विणकराच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा. सगळं त्याच्या नजरेतून.

पहिला खर्डा मी पानांशी इमान राखून लिहिला होता. चौकट संपली की ब्लॅकआउट, दिवा आला की पुढची चौकट. असे ३१ ब्लॅकआउट झाले. घड्याळ लावून तालीम घेतली तर एकेका अंधाराला आठ सेकंद लागत होते. म्हणजे चार मिनिटांहून जास्त वेळ प्रेक्षक नुसते काळोखात. बरं, वेळेचं एक वेळ सोडून देऊ, पण दर वेळी गोष्टीचा धागाच तुटत होता.

चूक कुठे होतेय ते मूळ चित्रं पुन्हा भिंतीवर लावल्यावर कळलं. दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीला कॉमिक्सवाले गटर म्हणतात. कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की गोष्ट तिथे वाचक पुरी करतो. आमच्या पुस्तकात एका चौकटीत शिपायाचा हात पुढे येतो आणि दुसरीत टोपी धुळीत पडलेली असते. मधलं सगळं वाचकाच्या डोक्यात घडतं. पण ती पट्टी पांढरी असते. मी ती काळी करून टाकली होती.

मग सगळे ब्लॅकआउट काढले आणि चौकट हातात घेतली. खरोखरच. सोलापुरी चादर दोघांनी ताणून धरायची, तिच्यापुढे प्रसंग करायचा. अर्ध्यात दुमडली की लहान चौकट, पूर्ण उघडली की दोन पानांवर पसरलेलं चित्र. दोन प्रसंगांच्या मधे चादर धरणारे उजेडातच चालत जागा बदलतात आणि लोक ते बघतात. आम्ही वापरतोय त्या चादरीला उलट्या बाजूने तीच नक्षी आहे, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. पांढऱ्यावर लाल असेल तर मागे लालवर पांढरं. रात्रीच्या प्रसंगात ती नुसती फिरवतो. हे सुचलं त्या संध्याकाळी तालीम दहापर्यंत चालली, कुणी घरी जायला तयार नव्हतं.

संवादांच्या फुग्यांनीही बराच घाम काढला. आधी मागच्या पडद्यावर अक्षरं टाकून पाहिली. लोक वाचत बसतात, नटाकडे बघत नाहीत. इथे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या ‘भीमायन’ या चित्रकादंबरीने वाट दाखवली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी त्यात मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचे फुगे दिलेत आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे फुगा नुसते शब्द सांगत नाही, बोलण्याची जातही सांगतो. ते आम्ही आवाजात आणलं. पुस्तकातल्या आजीचे फुगे तेलुगू लिपीत आहेत. ज्याला ती वाचता येत नाही त्याला नुसती गोल गोल वळणं दिसतात. रंगमंचावर आजी तेलुगूतच बोलते. मागच्या खर्ड्यात नातू प्रत्येक वाक्य मराठीत करून सांगत होता, ते सगळं काढून टाकलं. सोलापुरात कानाला तेलुगू-कानडीची सवय असतेच, आणि नाही कळलं तरी आजी घाबरली आहे हे कळतं.

आता पान ५७. चार चौकटी, एकही शब्द नाही: उघडं दार, थांबलेला माग, पाण्याचा तांब्या, घडी घातलेली टोपी. यासाठी मागाचा आवाज आधीपासून चालू हवा, तरच तो थांबल्याचं कळेल. शेजारच्या कारखान्यातला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला आणि एका म्हाताऱ्या विणकरांना ऐकवला. दोन सेकंदांत म्हणाले, “हा पॉवरलूम हाय. हातमागाला माणसाचा दम लागतो, तो मधे मधे अडखळतो.” मग त्यांनी मांडीवर हात मारून दाखवलं: पाय दाबला, धोटा गेला, फणी ठोकली, आणि एक बारीकसा थांबा. तो थांबा रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. आता विंगेत दोन मुलं लाकडी ठोकळ्यांवर हा ठेका प्रत्यक्ष धरतात. पान ५७ ला ठेका तुटतो. सध्या ११ सेकंदांची शांतता ठेवली आहे, मला अजून वाढवावीशी वाटते.

कागदपत्रांचं काम उरकलं. मैत्रिणीचं संमतीपत्र हातात आहे, संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. नेपथ्याचा खर्च जवळजवळ शून्य.

शेवटचं पान मात्र सुटलेलं नाही. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग, सोलापूरच्या चौघांना फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मैत्रिणीने तिथे चार रिकाम्या चौकटी काढल्यात, आत काहीच नाही. कागदावरचं कोरेपण रंगमंचावर कसं आणायचं? एक म्हणतो चार चादरी टांगाव्यात, दुसरी म्हणते चार स्पॉट नुसत्या फळीवर पाडावेत. मला वाटतं, आठ जणांनी चार चादरी ताणून धराव्यात आणि त्यांच्यापुढे कुणीच येऊ नये. धरणाऱ्यांचे हात भरून येऊन थरथरायला लागेपर्यंत. रविवारी करून बघतोय, तीन चादरी आहेत, चौथी आणायची आहे.