हिरड्यांचे जंतू आणि अल्झायमर

खुर्चीत आडवं होता होताच पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, हिरड्यांच्या जंतूंमुळे अल्झायमर होतो म्हणे?’ पुढच्या क्षणी तोंडात आरसा जाणार असतो, त्यामुळे सविस्तर उत्तर राहूनच जातं. तुम्ही विचारलंत म्हणून ते इथे देते.

ही चर्चा गाजली 2019 मध्ये. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू राहतो. प्रथिनं कापणारी त्याची विकरं, म्हणजे जिंजिपेन, अल्झायमरच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत तपासली, तर 90 टक्क्यांहून अधिक नमुन्यांत सापडली. उंदरांच्या तोंडात जंतू सोडला, तर तो मेंदूत पोचला आणि तिथलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, वाढलं. मग हीच विकरं रोखणारं औषध 643 रुग्णांना घेऊन तपासलं गेलं. 2021 मध्ये निकाल आला: 48 आठवड्यांनंतरही एकूण रुग्णांमध्ये स्मृतीची घसरण मंदावली नव्हती. ही बातमी मात्र फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

शिवाय आधी काय झालं, हा प्रश्न उरतोच. विसरभोळेपणा वाढला की माणूस ब्रश हातात धरून नुसता उभा राहतो, किंवा पुढचेच चार दात घासून चूळ भरतो. अशांच्या दाढांमागे प्रोब, म्हणजे हिरडीची खोली मोजायची बारीक सळई, घातला, तर तीनऐवजी सहा-सात मिलिमीटर आत जातो आणि लगेच रक्त येतं. इथे हिरडी बिघडली ती मेंदूमुळे! त्यातून मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेले असतात, त्यामुळे आधी हिरड्या की आधी मेंदू, हे ठरवणं फार अवघड.

जंतू बुद्धी नासवू शकतात, यात शंका नाही. सिफिलिसने वेड लागलेल्यांच्या मेंदूत नोगुची आणि मूर या संशोधकांनी 1913 मध्ये सिफिलिसचाच जंतू दाखवला. पुढे पेनिसिलिन आलं आणि तो आजार आटोक्यात आला. जंतू मारला की रोग थांबतो, असा पुरावा अल्झायमरबाबत अजून नाही. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही दोन अँटिबायोटिक अल्झायमरच्या रुग्णांना वर्षभर देऊन पाहिली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणून ‘खबरदारी म्हणून अँटिबायोटिक द्या’ म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. हिरड्या साफ करून घ्या. दात टिकवायला तेवढं कारण पुरे.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी ऐकावी. परवापर्यंत बरे असलेले आजोबा आज अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘अल्झायमर सुरू झाला’ म्हणून बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्गही असं करतो, आणि उपचारांनी हा गोंधळ बहुतेकदा उतरतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.