मुखपृष्ठ नसलेला गठ्ठा

सत्र सुरू व्हायला चार दिवस उरले असताना एक प्राध्यापिका सकाळीच ग्रंथालयात आल्या आणि दोऱ्याने बांधलेला कागदांचा जाड गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. पदव्युत्तर वर्गाच्या ऐच्छिक विषयासाठी त्यांनी १९ उतारे निवडले होते, आणि त्यांच्या ४० प्रती झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून विद्यार्थ्यांना द्यायच्या होत्या. आमच्या महाविद्यालयात असा वाचनसंच ग्रंथपालाच्या सहीशिवाय झेरॉक्सला जात नाही. "मॅडम, तुमची सही झाली की दुपारपर्यंत काम मार्गी लागेल," त्या म्हणाल्या.

अशा वेळी शिक्षक बहुधा धास्तावलेले असतात. पुस्तकाच्या दहा टक्क्यांपर्यंतच प्रत काढता येते, हा कुणीतरी सांगितलेला "दहा टक्क्यांचा नियम" त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. वस्तुतः कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) (झ) मध्ये टक्केवारीचा उल्लेखच नाही. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हा कॉपीराइटचा भंग नव्हे, असे त्यात म्हटले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स केंद्रावर आणि विद्यापीठावर तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला, तेव्हा याच तरतुदीचा कस लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने वाचनसंच तत्त्वतः मान्य केले, मात्र शिकवण्याच्या हेतूला जेवढे आवश्यक तेवढेच घेतले आहे का, हे पुराव्यावर तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. अख्खी पुस्तके झेरॉक्स करता येतात का, हा प्रश्नही त्यातच होता. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि तो प्रश्न त्या खटल्यात अनिर्णीतच राहिला.

१७ उताऱ्यांना अर्धा तास पुरला. एखादे प्रकरण, दोन लेख, काही कविता. प्रत्येकाचा अभ्यासक्रमातील घटकाशी संबंध उघड होता. उरलेल्या दोहोंपाशी मात्र मी थांबले.

त्यांतला एक होता अनुवादित निबंध. मूळ लेखकाच्या निधनाला ६० वर्षांहून अधिक काळ लोटला होता, म्हणून "हा तर मोकळाच आहे" असे बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले होते. मूळ निबंधापुरते ते खरेच होते. पण अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती असते आणि तिच्या प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, मुदत अनुवादकाच्या निधनापासून मोजली जाते. शिकवण्यासाठी प्रत काढायला अडचण नव्हती. अडचण ही होती, की झेरॉक्सवरून काढलेल्या त्या झेरॉक्सवर अनुवादकाचे नावच नव्हते. मी संग्रह शोधून काढला, तर नाव पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात होते आणि प्रत काढताना नेमकी तीच ओळ कापली गेली होती. आपले नाव लावले जाण्याचा हक्क कलम ५७ ने स्वतंत्रपणे दिला आहे. प्रताधिकार दुसऱ्याच्या नावे करून दिला तरी तो उरतो. मला विचाराल तर, ज्या वाक्यांवर वर्षभर चर्चा होणार ती मराठीत घडवणाऱ्याचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक नसणे, ही कायद्याच्याही आधी शिकवण्यातली उणीव आहे.

दुसरा "उतारा" म्हणजे १४२ पानांचे संपूर्ण पुस्तक होते. जाड बांधणीचे पुस्तक यंत्रावर पुरते न उघडल्याने प्रत्येक पानाच्या आतल्या कडेला काळी पट्टी उमटली होती आणि ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरे तिच्यात गडप झाली होती. "बाजारात मिळतच नाही हो, काय करणार?" त्या काकुळतीने म्हणाल्या. मी एवढेच विचारले, "वर्गात यातलं नक्की काय शिकवणार आहात?" त्यांनी अभ्यासक्रम उघडला आणि बराच वेळ पाने चाळून सांगितले, "प्रस्तावना, दुसरं आणि चौथं प्रकरण." पाने भरली ४६.

ग्रंथालयातल्या प्रतीवर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, फारशी आशा नसताना, मी फोन लावला. एका वृद्ध गृहस्थांनी तो उचलला. "पुस्तक संपलेलं नाही," ते म्हणाले, "गठ्ठे पडून आहेत. विक्रेते ठेवत नाहीत, एवढंच. किती पाठवू?" त्यांच्या स्वरातली उत्सुकता ऐकून मला अपराधी वाटले, कारण बाजारात मिळत नाही या एका वाक्यावर विसंबून आदल्या वर्षी मीच याच पुस्तकाच्या ३० झेरॉक्स प्रतींवर सही केली होती. मी तिथल्या तिथे दहा प्रती मागवल्या.

दुपारभर आम्ही दोघींनी बसून प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि वर्ष लिहिले. काळी पट्टी आलेली ४६ पाने ग्रंथालयातल्या प्रतीवरून, पुस्तक नीट उघडून, पुन्हा काढून घेतली. संध्याकाळी मी सही केली. वर्ग सुरू झाला त्या सकाळी पुस्तकांचे पार्सल आले. शिक्के मारून दहाही प्रती आम्ही राखीव विभागात ठेवल्या, आणि चार वाजेपर्यंत त्यांतल्या सहा वाचनकक्षातल्या टेबलांवर उघडलेल्या होत्या.